उपरण्याखालचा हात

बसलिंगआप्पांशी माझं पहिलं बोलणं झालं ते उपरण्याखाली. उस्मानाबादच्या मोंढ्यात मी बाजार समितीचा कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. निजामाचा शिक्का गेला होता, कचेरीतली उर्दू गेली होती, पण मोंढ्यात धान्याचा सौदा अजून बापजाद्यांच्या वेळेसारखाच चालायचा. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचे. याला हत्ता म्हणत. एकानं काय भाव दिला ते दुसऱ्याला कळत नसे. सगळ्यांचे हात धरून झाले की अडत्या शेतकऱ्याला सांगायचा, अमक्याचा भाव सगळ्यात वर आहे, त्याला माल दे. मी मॅट्रिक झालेला. दोन म्हातारे गंभीर चेहऱ्यानं फडक्याखाली बोटं चाचपतायत हे बघून मला हसू फुटलं, आणि ते नेमकं त्यांतल्या अडत्यानं, म्हणजे आप्पांनी पाहिलं.

"ए मॅट्रिक, हसायलास कायला? बस म्होरं. हात दे."

मी बसलो. त्यांनी लाल काठाचं उपरणं आमच्या हातांवर टाकलं आणि माझं मधलं बोट धरलं. रुपयाला आख्खं बोट, आण्याला बोटाचं एक पेर. मग त्यांनी माझी मूठ आपल्या पंजात घेऊन तीनदा दाबली. "हे पक्कं. हे झालं की मागं फिरायचं न्हाय, घरदार बुडालं तरी." शेवटी त्यांनी माझी मूठ उलगडली. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट वेगळं केलं, अंगठ्यापर्यंत. "आन् हे सोडलं. सौदा जमला न्हाय. तू मोकळा, म्या मोकळा. राग न्हाय." माझी मोंढ्यातली शाळा एवढीच. बाकीचं सगळं मी बघून बघून शिकलो.

आप्पा तेव्हा साठी ओलांडलेले होते. उंच, हडकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी. दिसायला चारचौघांसारखेच, पण उजवा हात त्यांनी जन्मभर जपला होता. त्यांची बायको नीलव्वा रोज सकाळी त्या हाताला करडईचं तेल चोळायची. त्या हातानं आप्पा पोतं उचलत नसत की घागर धरत नसत. पिशवी नेहमी डाव्या हातात. "घट्टे पडले की हात मुका होतो," असं ते म्हणायचे. बाजारातून मेथीची जुडी आणायची झाली तरी ती डाव्याच हातात यायची, आणि नीलव्वा कपाळाला हात लावायची.

त्या हाताला भावापेक्षा बरंच काही कळायचं. एकदा एका तेलघाण्याच्या मालकाचा हात धरल्यावर आप्पांनी उपरणं बाजूला केलं आणि म्हणाले, "घरी जा. आज खरेदी करू नकोस. तुजा हात तापलाय आन् मन ठिकाणावर न्हाय." तो माणूस चिडून गेला आणि पुढं तीन आठवडे मुदतीच्या तापानं अंथरुणात होता. दुसऱ्या एका वेळी दोघा खरेदीदारांनी आधी संगनमत करून एकच भाव दिला. आप्पा फक्त म्हणाले, "दोघंबी जावा, चहा पिऊन या. येगयेगळ्या हाटेलात." परत आले तेव्हा दोघांचेही भाव चढले होते.

उपरण्याखाली काय झालं हे आप्पांना आणि महादेवालाच ठाऊक असायचं. मनात आणलं असतं तर रोज दहा शेतकऱ्यांना बुडवता आलं असतं, आणि मोंढ्यात तसं करणारेही होते. पण चाळीस वर्षांत आप्पांविषयी असं कोणी बोललं नव्हतं. खेड्यातला बाप मरताना पोराला जमिनीच्या खुणा सांगायचा तसं हेही सांगून जायचा, की माल बसलिंगआप्पाच्या अडतीवरच घाल. आप्पांना मुलगा नव्हता. एकुलती एक लेक गावातच दिली होती, मोंढ्यातले मोठे खरेदीदार मन्मथशेठ यांच्या घरात. जी काय कमाई होती ती या नावाची होती आणि आप्पांना तिचा गर्वही होता. तो त्यांनी कधी लपवला नाही.

मी आप्पांच्याच घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. तेव्हा आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे कमी ऐकायचे आणि प्रत्येकाची लपवायची तऱ्हा निराळी. कचेरीतले एक निवृत्त पेशकार स्वतःच अखंड बोलत राहायचे, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची वेळच येत नसे. एक गुरुजी कशालाही "बरं बरं" म्हणायचे; त्यांच्या शेजाऱ्यानं आपला भाऊ वारल्याचं सांगितलं तेव्हाही ते "बरं बरं" म्हणाले आणि दोन घरांचं बोलणं कायमचं बंद झालं. कानाचं यंत्र गावात एकाच साहेबाकडं होतं, खिशात डबी आणि कानापर्यंत वायर. पोरं त्याला विचारायची, साहेब, रेडिओवर काय लागलंय? दवाखान्यात गेलं तर डॉक्टर बॅटरी मारून बघायचे आणि वयाचं कारण सांगून कोमट तेल घालायला लावायचे. डोळे गेले तर लोक हात धरून रस्ता ओलांडून देत. कान गेले तर हसत. हा न्याय कुठला, मला आजही कळलेला नाही.

आप्पा त्यातले नाहीत अशी माझी पक्की समजूत होती. त्यांच्या काही सवयी होत्या खऱ्या. बसायचे ते नेहमी भिंतीला पाठ लावून, समोरच्याचं तोंड उजेडात येईल असे. बोलायला सुरुवात तेच करायचे. समोरचा पुटपुटला की खेकसायचे, "तोंडात सुपारी धरून बोलू नगंस, तोंड उघड." भजनाला कधी जात नसत. नीलव्वा त्यांना हाक मारत नसे. स्वयंपाकघराच्या दारातून जमिनीवर टाच आपटायची, की आप्पा वळून बघायचे. शेतकरी आला की त्याला समोरच्या पोत्यावर बसवून त्याचा हात हातात घ्यायचे आणि तोंडाकडं टक लावून ऐकायचे. लोक म्हणायचे, काय माया आहे म्हाताऱ्याची! मीही म्हणायचो.

एका दुपारी मोंढ्याच्या फाटकात आप्पा रस्त्याकडं पाठ करून उभे होते. मागून एक लॉरी उलटी येत होती. ड्रायव्हर भोंग्यावर भोंगे देत होता, हमाल ओरडत होते, आणि आप्पा शांतपणे मुठीतली ज्वारी निरखत होते. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरून ओढलं. लॉरीचं फाळकं त्यांच्या उपरण्याला घासून गेलं. आप्पांनी लॉरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि माझ्यावरच ओरडले, "मला दिसत न्हाय व्हय? सोड हात!"

त्याच दिवशी दिवेलागणीला ते माझ्या खोलीत आले. आल्या आल्या दार लोटून घेतलं. समोर बसले, खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं आणि माझी मूठ तीनदा दाबली. मग उठून गेले. मी शब्द दिला असं म्हणता येणार नाही, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं. पण मूठ दाबली गेली होती आणि मी ती सोडवून घेतली नव्हती.

पुढं नीलव्वानं सांगितलं तेव्हा कळलं, सात वर्षं हे चाललं होतं. आधी डावा कान, मग उजवा. सोलापूरला बाजाराचं निमित्त काढून डॉक्टरला दाखवून आले होते. त्यानं हात टेकले. "मोंढ्यात न्हाय अडलं बघ कदी," नीलव्वा म्हणाली. "हातानं बोलायचं, हातानंच ऐकायचं. घरात माज्या तळहातावर बोटं दाबत्यात. देवानंच त्यास्नी ह्या धंद्यात घातलं."

आणि वर्ष उलटायच्या आत हत्ता बंद झाला.

सरकारचा हुकूम आला, फडक्याखालचे सौदे बेकायदा. यापुढं उघड लिलाव. ज्याच्या अडतीवर माल असेल त्यानं बोली पुकारायची, खरेदीदारांनी मोठ्यानं भाव बोलायचा, सगळ्यांत वरच्या बोलीला अडत्यानं राशीवर हात ठेवायचा, आणि समितीच्या कारकुनानं तिथंच सौद्याची चिठ्ठी लिहायची. राशीवर हात पडला की सौदा संपला. हुकूम चांगलाच होता. शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव पहिल्यांदा स्वतःच्या कानानं ऐकायला मिळणार होता. मला आनंद झाला होता, मी पेढेही खाल्ले. घरी आलो तेव्हा आप्पा ओसरीवर बसून लाल काठाच्या उपरण्याची घडी घालत होते. घालायचे, उलगडायचे, परत घालायचे.

पण ते हटले नाहीत. पहिल्याच लिलावाच्या दिवशी त्यांनी आपल्या अडतीसमोर चुन्यानं अर्धगोल रेघ मारली. खरेदीदारांनी रेघेपलीकडं, आप्पांकडं तोंड करून उभं राहायचं. बोली तोंडानं बोलायची आणि बोटंही वर करायची. "म्या जुना माणूस, मला बोटं लागत्यात," ते हसून सांगायचे. बाकीच्या अडतींवर नुसता गोंधळ चालायचा आणि आप्पांच्या दारात मात्र शाळेसारखी शिस्त. समितीच्या अध्यक्षांनी येऊन पाठ थोपटली. चार महिने निभावलं. रोज संध्याकाळी घरी आले की अर्धा तास भिंतीकडं तोंड करून पडायचे, डोळे मिटून. दिवसभर माणसांची तोंडं वाचून डोळे लाल व्हायचे.

मग तुरीचा हंगाम आला. त्या दिवशी गाड्या इतक्या आल्या की चुन्याची रेघ पोत्यांखाली गेली. आप्पांच्या अडतीवर येडशीकडच्या गयाबाईंची तूर होती. पन्नाशीच्या बाई, डोईवरून पदर, त्याचं टोक दोन बोटांनी तोंडावर धरलेलं, वडीलधाऱ्यांसमोर बायका धरतात तसं. नवरा दोन वर्षांमागं वारला होता. तो होता तोवर माल तोच आणायचा. गेल्या साली दिरानं आणला आणि पैशांचं काय केलं ते सांगितलं नाही. म्हणून या वर्षी बाई स्वतः गाडीवर बसून आल्या होत्या. तूर दृष्ट लागावी अशी होती.

बोली चढत गेली. समोर मन्मथशेठ उभे होते, आप्पांचे व्याही. त्यांनी बोटं वर केली, भाव बोलले. बाकीचे थांबले. आप्पांनी "एक" म्हटलं. तेवढ्यात आप्पांच्या मागं, अडतीच्या पायरीवरून आवाज आला. बार्शीच्या डाळ मिलचा एक नवा खरेदीदार गर्दीमुळं तिथं चढून उभा होता. त्यानं रुपयानं वरची बोली दिली होती. आप्पांनी "दोन" म्हटलं. तो पुन्हा ओरडला, आणखी मोठ्यानं. समोरच्या सगळ्यांनी वर पाहिलं. मन्मथशेठनी पाहिलं नाही, आणि आप्पांची नजर त्यांच्याच बोटांवर होती. मी आप्पांच्या डाव्या हाताला, चिठ्ठ्यांचं बुक घेऊन उभा होतो. एक पाऊल पुढं टाकून त्यांच्या दंडाला हात लावायचा, एवढंच करायचं होतं. पण मग ते माझ्याकडं वळले असते, मी मागं बोट दाखवलं असतं, आणि शंभर माणसांना त्याच क्षणी सगळं कळलं असतं. मी असा घुटमळलो, आणि आप्पांनी "तीन" म्हणून राशीवर हात ठेवला.

गयाबाई पुढं झाल्या. "आप्पा, तिकडून बोली आली की! ह्यो काय न्याव झाला?"

पदराआडून बोलल्या त्या. आप्पांना फक्त बाईंचे डोळे दिसले, पाण्यानं भरलेले. चांगला भाव आला म्हणून बाईला भरून आलं, असं त्यांना वाटलं असणार. ते हसले. चांगले तोंडभर हसले आणि म्हणाले, "जावा आता, भाकरी खाऊन घ्या. लांब जायाचंय."

बार्शीवाला पायरीवरून उतरला, आप्पांच्या समोर येऊन थुंकला आणि चालता झाला. आप्पा गोंधळून त्याच्याकडं बघत राहिले. मी मन्मथशेठच्या नावानं चिठ्ठी लिहिली. हात माझाच होता, मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही.

संध्याकाळपर्यंत तक्रार झाली, तूर न तोलता गोदामात ठेवायचा हुकूम निघाला आणि आठ दिवसांनी चौकशी ठरली. हाटेलाहाटेलातून एकच बोलणं: म्हाताऱ्यानं व्याह्याचं घर भरलं, आणि वर विधवा बाईच्या तोंडावर हसला.

हे आप्पांना सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं. ओसरीवर समोर बसून, तोंड उजेडाकडं करून मी एकेक शब्द सांगितला. ते ऐकत गेले, म्हणजे बघत गेले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"कुठून आली बोली?"

"मागून. पायरीवरून."

"तू ऐकलीस?"

"व्हय."

"मग मला हात का न्हाय लावलास?"

"तुम्हीच तर मूठ दाबली होती, आप्पा."

नीलव्वा आतून आली आणि समोर येऊन उभी राहिली. "सांगून टाका आता. कान गेलाय, इमान न्हाय गेलं. सगळ्यास्नी सांगा."

"काय सांगू? बहिरा झालो म्हणून सांगू?" आप्पांचा आवाज चढला. आपला आवाज किती चढतो हे त्यांना कळत नसे, गल्लीतली दारं उघडली. "माजा बाप बहिरा होता. त्येच्या म्होरं बसून चुलत्यांनी घरातली भांडी वाटून घेतली, हसत हसत. त्यो बी हसायचा, त्येला वाटायचं कायतरी चांगलं चाललंय. चोर म्हटलं तर लोक निदान भिऊन ऱ्हात्यात. बहिरा म्हटलं की हसत्यात. आन् लेकीला काय म्हणतील? बहिऱ्यांच्या घराण्यातली. तिच्या पोरांची लग्नं व्हायाची हायेत अजून."

"मग काय करणार?" मी विचारलं.

"सांगणार, ऐकूनशान हात ठेवला. व्याही म्हणून ठेवला. दंड करा. दोन सालात लोक इसरतील."

हे ऐकून मला संताप आला, खोटं कशाला सांगू. जन्मभर जपलेलं नाव हा माणूस स्वतःच्या हातानं चिखलात टाकायला निघाला होता, आणि तेही केवळ हसू होऊ नये म्हणून. पण आज मी त्यांच्या वयाला पोचलोय. परवा नातवंडं माझ्या एका उत्तरावर खोखो हसली, तेव्हा प्रश्न काय होता हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आता तो संताप उरलेला नाही.

ते आठ दिवस आप्पा रोज वेळेवर अडतीवर जायचे. चुन्याची रेघ नव्यानं मारायचे आणि बसायचे. एकही गाडी दारात थांबत नव्हती. ओळखीचे शेतकरी मान खाली घालून पुढं जायचे. नीलव्वा सकाळी हाताला तेल चोळायला बसली की हात मागं घ्यायचे.

चौकशी बाजार समितीच्या कचेरीत झाली. अध्यक्ष एक वकील होते, त्यांच्या तोंडात पान. आप्पांना समोर खुर्ची दिली होती, पण पान खाणाऱ्याचं तोंड वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. मागं बाकांवर मोंढा लोटला होता. मन्मथशेठ पहिल्या रांगेत, मांडीवर टोपी ठेवून बसले होते.

आधी मला विचारलं. "कारकून, वरची बोली आली होती का?"

मी आप्पांकडं पाहिलं. ते माझ्या ओठांकडं बघत होते.

"गडबड लई होती, साहेब. मला नीट सांगता येणार नाही."

खाली मान घालून मी जागेवर आलो. मग गयाबाईंना पुढं बोलावलं. त्या आप्पांच्या समोर तीन हातांवर उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक तोंडावर धरून बोलू लागल्या. हळू बोलत होत्या, पण कचेरीत तेवढंच ऐकू येत होतं.

"मला कुणाला दंड करायचा न्हाय. रुपायासाठी बी आले न्हाय मी. आमचे मालक जाताना म्हणले, काय बी झालं तरी माल आप्पाकडं घाल, आन् हे बी म्हणले, बाजारात कुणाचा भरवसा धरू नको. दीर म्हणला हितं घाल, भाऊ म्हणला तितं घाल, मी आप्पाकडंच आणला. आता मालकाचं कोणतं बोलणं खरं मानायचं, एवढं मला आप्पांनी सांगावं."

बाई रडत होत्या. आप्पा त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते, पदराकडं बघत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "बोला आप्पा, काय म्हणणं आहे?" आप्पांनी तिकडं पाहिलंच नाही. पाठ केलेलं उत्तर त्यांच्या ओठांवर होतं, मी ते घरी दहा वेळा ऐकलं होतं. ते उठून उभे राहिले. सवयीनं खांद्यावरच्या उपरण्याला हात घातला, ते काढलं आणि तसेच थबकले. परक्या बाईचा हात कसा धरणार? चाळीस वर्षांत हत्ता पुरुषापुरुषांतच झालेला होता.

उपरणं त्यांनी परत खांद्यावर टाकलं.

"बाई," आप्पा म्हणाले, नेहमीप्रमाणे जास्तच मोठ्यानं, "पदर काढा तोंडावरचा. मला ऐकू येत न्हाय. आठ सालं झाली, कायबी ऐकू येत न्हाय. तुमी काय म्हणायलाव ते मला बघू द्या."

बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं. आप्पांना ते ऐकू आलं नाही. मला आलं.

गयाबाईंनी अध्यक्षांकडं पाहिलं, सगळ्या पुरुषांकडं पाहिलं आणि पदर खाली केला. आपलं सगळं बोलणं त्यांनी पहिल्यापासून परत सांगितलं, सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं. आप्पांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "मालकाचं पहिलं बोलणं खरं होतं. चूक माजी हाय. कान गेले तवाच म्या उठायला पायजे होतं." आणि बंडीच्या खिशातून अडतीचा परवाना काढून अध्यक्षांच्या मेजावर ठेवला. तो त्यांनी सकाळीच खिशात घातला होता, की रोजच खिशात असायचा, हे मी कधी विचारलं नाही.

तुरीचा लिलाव दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अडत्यानं पुन्हा केला. गयाबाईंना भाव मिळाला. मन्मथशेठ पुढं तीन महिने व्याह्यांच्या दारात आले नाहीत. आणि आप्पांना ज्याची भीती होती ते सगळं झालं. गल्लीतली पोरं मागून "बहिरा आप्पा" म्हणून ओरडायची आणि ते वळले नाहीत की टाळ्या पिटायची. फक्त एक झालं, की नीलव्वा आता चारचौघांत त्यांच्या तळहातावर बोटं दाबून बोलायला लागली. तिनं ते कधी लपवलं नाही.

मला मात्र त्यांच्यासमोर जायची चोरी वाटायची. मी ती बोली ऐकली होती. मी दंडाला हात लावला नव्हता, आणि चौकशीत उघड खोटं बोललो होतो. आप्पांनी ते माझ्या ओठांवर वाचलं होतं. एका घरात राहून मी त्यांना टाळत राहिलो. पुढच्या हंगामाआधी माझी जिल्ह्यातल्याच वाशीला बदली झाली, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

निघायच्या सकाळी एस्टी स्टँडवर मी खिडकीशी बसलो होतो. गाडीचं इंजिन असं धडधडत होतं की शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. गर्दीतून नीलव्वा आली. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचं फडकं तिनं खिडकीतून आत दिलं. तिच्या मागून आप्पा आले. खांद्यावरचं लाल काठाचं उपरणं काढलं, खिडकीच्या गजांवर टाकलं आणि त्याखालून आत हात घातला. मी माझा हात पुढं केला. त्यांच्या हाताला आता तेलाचा मऊपणा नव्हता. ते मूठ तीनदा दाबतील, असं मला वाटलं, आणि मी मूठ घट्ट मिटून धरली.

त्यांनी ती उलगडली. करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. एकेक बोट सावकाश वेगळं केलं, अंगठ्यापर्यंत.

मग उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि वळून चालू लागले. मी खिडकीला तोंड लावून हाक मारली, "आप्पा!" पुन्हा मारली, होता नव्हता तेवढा आवाज काढून. गाडीतले लोक माझ्याकडं वळून बघायला लागले. आप्पा गर्दीतून सरळ चालत गेले.